वाचकांचे प्रश्न : दाखला नाही, तर शाळेत घेतील का?

प्रश्न : बाई, आम्ही मूळचे विजयपूर जिल्ह्यातले. मालक यंत्रमागावर जातात, मी विड्या वळते. दिवाळीनंतर कुंभारीच्या घरकुलात राहायला आलो. थोरली तिकडं कन्नड शाळेत दुसरीत होती, तिचा दाखला आणलेला नाही. धाकट्याला पहिलीत घालायचंय, पण तो घरीच जन्मला, जन्मदाखला नाही. महापालिकेच्या शाळेत घेतील का? सासूबाई म्हणतात, पोरं गावाकडंच ठेवा.
– एक आई, कुंभारी

उत्तर : गावाकडं कुणालाच ठेवू नका. दोघांनाही प्रवेश मिळतो, तोही वर्षाच्या मधे. जूनमध्ये प्रवेश बंद झाले वगैरे कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि तिथंच बसून राहा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कागद नाही म्हणून परत पाठवायचा अधिकार त्यानं कुठल्याच मुख्याध्यापकाला ठेवलेला नाही.

आधी तुमची शाळा कुणाची ते बघू, कारण इथंच लोकांचा दिवस वाया जातो. तुम्ही पत्ता सोलापूर सांगत असाल, पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. म्हणजे तुमच्या जवळची सरकारी शाळा जिल्हा परिषदेची. तिथं काही अडलं तर केंद्रप्रमुख आणि त्यांच्यावर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. शहराच्या हद्दीतली शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण मंडळाचे प्रशासनाधिकारी. एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याकडं नेलं की "आमच्याकडं येत नाही" एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यात खोटं काही नसतं. अंतराचंही लोक उलटं धरतात. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा देणं हे सरकारवरचं बंधन आहे, तुमच्याभोवती घातलेलं कुंपण नव्हे. शहरातली महापालिकेची शाळा सोयीची पडत असेल तर तिथंही विचारा.

थोरलीचं सांगते. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, हे कायद्याच्या कलम ५ मध्येच लिहिलंय. तिला वयाप्रमाणे वर्गात बसवतील. दाखला मात्र मागवून घ्याच. परराज्यातला असल्यामुळं त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा दाखला आणि सही एकदमच घेऊन या. कन्नड सोडवत नसेल तर दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. महापालिकेच्या शाळाही मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत. २०२० च्या कायद्यानं मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची झाली, त्यामुळं कन्नड शाळेत घातलं म्हणून मराठी राहून जाईल ही भीती नको. माझं मत विचाराल तर दुसरीतली पोर घरी कन्नड बोलत असेल तर तिला अजून दोन-तीन वर्षं कन्नडमध्येच वाचू द्या.

धाकट्याच्या वयाला जन्मदाखला नसला तर दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरातली नोंद चालते, अंगणवाडीतली चालते. तीही नसेल तर आईवडिलांनी लिहून दिलेलं प्रतिज्ञापन. आधार नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये तसं सांगितलंय. तरी मुख्याध्यापक आधारसाठी मागं लागतील. त्यांच्यावर चिडू नका. किती शिक्षक मंजूर करायचे ते आधार जुळलेल्या पटावरून ठरतं. तुमच्या मुलाचं आधार नाही म्हणजे त्यांच्या हिशेबात एक मूल कमी. सवडीनं काढून द्या.

आता जे कुणी विचारत नाही ते. कागद नंतर आणता येतात, जनरल रजिस्टरात जे एकदा चढलं ते सहजी उतरत नाही. लांबलचक जाड वही असते ती. नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि तीच अक्षरी. या पानावरूनच पुढं शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत सगळे तोच बघतात. आपल्या आईवडिलांच्या पिढीत ज्याला त्याला वाढदिवस विचारा, निम्मे १ जूनचे निघतील. तारीख कुणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी शाळेच्या हिशेबानं टाकून दिली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत मी सख्ख्या भावांची आडनावं दोन तऱ्हेनं लिहिलेली पाहिलीत, एकाचं येमूल, दुसऱ्याचं यमुल. आई मराठी वाचत नव्हती, बाप कामावर, आणि लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. त्यांतल्या धाकट्या भावाचं जातपडताळणीला अडलं, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळलं.

म्हणून प्रवेशाला जाताना घरातल्या थोरल्यांचा कुणाचा जुना दाखला असेल तर तो घेऊन जा आणि नाव, आडनाव, जात त्यावरून उतरवायला सांगा. लिहून झालं की ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवायला लावा. "बाई, एकदा वाचून दाखवता का?" म्हटलं की कुणी रागावत नाही. तुमच्या धाकट्याची खरी तारीख आठवत नसेल तर सण, पाऊस, शेजारणीचं बाळंतपण यावरून जवळात जवळ आणा, पण सोयीची तारीख सांगू नका. जन्माची नोंदही लावून घ्या. जिथं जन्म झाला तिथंच ती होते, म्हणजे तुमच्या गावी. इतक्या वर्षांनी करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तेव्हा थोडं हिंडावं लागेल.

प्रश्न : नातू १२ जानेवारी २०२१ चा. हुशार आहे, पाढे म्हणतो. जून २०२६ ला पहिलीत घालता येईल का? सूनबाई म्हणते, तारीख पंधरा दिवस मागं घेतली तर कुणाचं काय जातं?
– एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : आजोबा, नाही. महाराष्ट्रात पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात. २०२६ साठी मूल ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जन्मलेलं हवं. तारखेचं म्हणाल तर वरचं उत्तर सूनबाईंना वाचायला द्या. पाढे येतात म्हणजे पहिलीला तयार झाला असं नाही. शेजारच्याशी न भांडता चार तास बसणं हा पहिलीचा खरा विषय.

प्रश्न : मुलगी खासगी इंग्रजी शाळेत पाचवीत आहे. मिस्टरांचं काम सुटल्यानं फी थकली. आता महापालिकेच्या शाळेत घालायचं तर जुनी शाळा म्हणते, आधी बाकी भरा, मग दाखला.
– एक पालक, हद्दवाढ भाग

उत्तर : थकबाकीचा वाद तुमचा आणि शाळेचा, त्यात मुलीला ओलीस ठेवता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, टाळाटाळ केली तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. दाखल्यासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी मागण्याला काडीची किंमत नाही. पोचेची प्रत घेऊन महापालिकेच्या शाळेत जा आणि मुलीला वर्गात बसवा. नवी शाळा शिक्षण विभागाच्या संगणकावरच्या नोंदीत नाव मागवून घेते, जुनीनं ते सोडायचं असतं. नाहीच सोडलं तर अर्जाच्या पोचेसकट प्रशासनाधिकाऱ्यांकडं. पुस्तकं आणि दुपारचं जेवण फुकट मिळतं, तेवढा तरी भार हलका होईल.

गणित-विज्ञान इंग्रजीतून ठेवायचं असेल तर सेमी इंग्रजीचा वर्ग कुठल्या शाळेत आहे ते आधी विचारा, सगळीकडं नाही. आणि ती शाळा कितवीपर्यंत आहे तेही विचारा, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा दाखला काढत फिराल.

प्रश्न : झेडपीच्या शाळेत शिकवतात का हो खरंच?
– मोहोळ तालुक्यातून

उत्तर : माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण परितेवाडीवरून तुमच्या वस्तीवरची शाळा कशी कळणार? पटसंख्या विचारा. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मंजूर असतात, म्हणजे चार-पाच वर्ग दोघांत. एक जण बैठकीला गेला की उरलेला सगळ्यांना सांभाळतो. हे शिक्षकाच्या मनावर नसतं. स्वच्छतागृहात पाणी आहे का बघा. मग तिसरीतल्या कुठल्याही पोराची वही मागा आणि लाल शाईची शेवटची तारीख बघा. परवाची असेल तर बिनधास्त घाला. दिवाळीच्या आधीची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, निम्म्या बायका. जागा रिकामीच असते बऱ्याचदा.