‘शाळेत काय केलं?’ ‘काही नाही.’

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. बाई दर सोमवारी आठवड्याचं नियोजन पाठवतात. या वेळी होतं : हातच्याची वजाबाकी, घेवड्याचं बी रुजवणे, दहा शब्दांचं श्रुतलेखन, वाचन. मुलाला विचारलं तर म्हणतो, ‘काड्यांशी खेळलो.’ वही जवळजवळ कोरी. श्रुतलेखनात शुक्रवारी दहापैकी दहा, पण पुढच्या आठवड्यात तेच शब्द चुकतात. शाळेत शिकवतात तरी काय? – एक आई

उत्तर : आधी काड्यांचं बोलू. तुमच्या यादीतलं सगळ्यांत अवघड काम तेच आहे. मुलाला ४२ वजा १७ घालून बघा. मी इतकी वर्षं दुसरीला शिकवते. ३५ हे उत्तर ठरलेलं. दोनातून सात जात नाहीत, मग पोर सातातून दोन काढतं, चारातून एक काढतं आणि मोकळं होतं. यात धांदरटपणा नाही. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

आता त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा, आणि म्हणा, सतरा दे. सुट्या सात निघत नाहीत. थोडा वेळ तो तुमच्या तोंडाकडे बघेल. मग एका गठ्ठ्याचं रबर काढेल. दोनाच्या बारा झाल्या, गठ्ठे उरले तीन. बारातून सात गेल्या, एक गठ्ठा गेला, हातात पंचवीस. रबर काढणं म्हणजेच हातचा, आणि ते वहीत उमटत नाही. अर्थात वहीतली उदाहरणंही यायलाच हवीत. महिनाभर नुसत्या काड्याच चालल्या, तर बाईंना जरूर विचारा.

दहापैकी दहाला मी फारसा भाव देत नाही. गुरुवारी रात्री घोकलेलं शुक्रवारी आठवणारच. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं. त्याला अर्थहीन अक्षरं एका दमात ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत झाला. तेव्हा सोमवारी चार शब्द, मंगळवारी आणखी तीन, बुधवारी उरलेले, आणि रोज आदल्या दिवसाचे दोन-तीन मिसळून. पुढच्या आठवड्यातही जुने अधूनमधून विचारा. बघून उतरवायचे नाहीत, आठवून लिहायचे.

‘काय शिकलास?’ला मात्र ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. शिक्षिका असून माझ्याही घरी तेच यायचं. नेमकं विचारा. टीपकागदातल्या बियांचं आज काय झालं? आधी मूळ आलं की पान? दाणा उलटा ठेवला तर मूळ वर जाईल का? (नाही जात, वळून खालीच येतं. पण हे तुम्ही सांगू नका, त्याला बघू द्या.) पहिले काही दिवस दाणा नुसता फुगतो, तेव्हा ‘काही झालं नाही’ हे खरं उत्तरही असू शकतं.

वाचनाचं म्हणाल, तर रोज दहा मिनिटं शेजारी बसून मोठ्याने वाचून घ्या. अडला की लगेच शब्द पुरवू नका.