भाषा कळत नसताना चिनी मारामारीचे सिनेमे जगभर का चालतात?

मी स्वतः भाषेचा गंध नसताना हे सिनेमे पाहत मोठा झालो, त्यामुळे प्रश्न जवळचा वाटला. गणपतीत आमच्या चाळीत व्हीसीआर भाड्याने यायचा. हिंदी सिनेमे संपले की पहाटे कुंग फूची कॅसेट लागायची. संवाद कुणाला ओ की ठो कळायचे नाहीत, पण झोपायलाही कुणी उठायचं नाही.

ब्रूस ली हे अर्धंच उत्तर झालं. १९७३ साली तो गेला, त्याच वर्षी अमेरिकेत ही लाट उसळली, हे खरं. पण माझ्या मते भाषेची अडचण या सिनेमांना घरातच होती. शॉ ब्रदर्स या बड्या सिनेकंपनीचा स्टुडिओ हाँगकाँगात, तर थिएटरं पार सिंगापूर-मलायापर्यंत. तिथला चिनी प्रेक्षक कुणी कँटोनीज बोलणारा, कुणी होक्कियन. पडद्यावर मात्र मँडरिन, तीही बहुतेकदा नंतर डब केलेली. मग गोष्ट सांगायचा भार नटांच्या अंगावरच यायचा.

आणि ती अंगं तयार होती पेकिंग ऑपेराच्या तालमीत. जॅकी चॅन आणि सामो हुंग हाँगकाँगच्या एकाच ऑपेरा शाळेतले. कोलांट्या, शस्त्रं, गाणं, सगळं लहानपणापासून घोटलेलं. आपल्या दशावतारात वाद्यांच्या ठेक्यावर युद्ध रंगतं ना, तसंच इथे. तीन-चार वार, मग क्षणभर पवित्रा घेऊन गोठल्यासारखं थांबणं, की पुन्हा वार. त्या थांबण्यामुळे आधीचा वार डोळ्यांत ठसतो. कॅमेराही जरा लांब, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसेल असा. नाहीतर कित्येक हॉलिवूडपटांत इतके कट की कोण कुणाला हाणतंय तेच कळत नाही! (१९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ची मारामारी त्यांनी शेवटी हाँगकाँगच्या युएन वू-पिंगकडूनच बसवून घेतली.)

कथा बहुधा साधी: गुरूचा अपमान, शिष्याची मेहनत, सूड. ती समजावून सांगावी लागत नाही.

उच्चभ्रू समीक्षक तसे उशिराच वळले. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’ला १९७५ मध्ये कान महोत्सवात तांत्रिक पुरस्कार मिळाला, त्यातली बांबूच्या बनातली लढाई आजही पाहावी अशी. पुढे २००० साली अँग ली यांनी ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये तलवारबाज थेट बांबूंच्या शेंड्यांवर चढवले. त्या सिनेमाला चार ऑस्कर मिळाले आणि एकट्या अमेरिकेत त्याने सुमारे १२.८ कोटी डॉलर कमावले. चीनमध्ये मात्र स्वागत थंडच. मारामारी त्यांच्यासाठी नेहमीचीच, त्यात सिनेमा मँडरिनमध्ये, पण नायक चाउ युन-फॅट हाँगकाँगचा आणि नायिका मिशेल यो मलेशियाची. तिला तर मँडरिन येतच नव्हती, संवाद उच्चार पाठ करून म्हटलेले. तिथल्या प्रेक्षकांच्या कानाला ते खटकलं. आपण खालच्या ओळी वाचत होतो, आपल्याला पत्ताच लागला नाही.