‘आवक’ हातात नसते, ‘विसर्ग’ असतो

लिनक्स या संगणक प्रणालीवर येणाऱ्या नेटवर्क ट्रॅफिकचं ‘शेपिंग’ करतात, त्याला ‘वाहतूक आकारणी’ म्हटलेलं एका प्रश्नकर्त्यांनी वाचलं. हे बरोबर का, आणि ‘फिल्टर’ला काय म्हणावं, असं त्यांनी विचारलंय.

बरोबर नाही. आकारणी म्हटलं की घरपट्टी आठवते. ‘वाहतूक आकारणी’ म्हणजे फार तर टोलनाका. शेपिंगमध्ये पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत थांबवून ठरलेल्या वेगानं पुढे सोडतात. त्याला शब्द आपल्या पावसाळी बातम्यांतच आहे: धरणात आवक वाढली, विसर्ग सुरू केला. येणारं ट्रॅफिक ती आवक, रोखून बेतानं सोडणं तो नियंत्रित विसर्ग.

हा शब्द मला आवडण्याचं कारण वेगळं आहे. वर पाऊस किती पडावा हे धरणावरच्या माणसाच्या हातात नसतं. त्याच्या हातात दरवाजे. लिनक्सचंही तेच. ‘टीसी’ या कमांडनं (म्हणजे ‘ट्रॅफिक कंट्रोल’, रेल्वेतला टीसी नव्हे) खरं शेपिंग होतं ते बाहेर जाणाऱ्या बाजूला. आत येणाऱ्या बाजूच्या ‘इन्ग्रेस’ला रांगच नसते, त्यामुळे तिथे थांबवणार कुठे? मर्यादेवरचं टाकून द्यायचं, एवढंच. याला ‘पोलिसिंग’ म्हणतात. मी ‘सांडवा’ म्हणेन, कारण सांडलं ते गेलं. आवकेचंच शेपिंग हवं असेल तर ती ‘आयएफबी’ नावाच्या आभासी इंटरफेसकडे वळवतात आणि तिथून बाहेर पडताना रांगेत लावतात. आतच बांधलेला बंधारा म्हणा ना.

उपमा एका जागी मोडते. पावसाला सांडवा दिसत नाही, पण टीसीपी या पोच घेत डेटा पाठवण्याच्या पद्धतीनं पाठवणाऱ्याला पॅकेट हरवल्याचं कळतं आणि तो हात आखडता घेतो. म्हणून नुसतं टाकून देण्यानंही आवक खरोखर कमी होते. यूडीपी या पोच न घेणाऱ्या पद्धतीत अशी सोय मुळात नाही. तिथे वेग आवरायचा की नाही, हे पाठवणारा प्रोग्रॅम ठरवतो.

आता ‘फिल्टर’. ‘गाळणी’ किंवा ‘चाळणी’ मला पटत नाही. त्या आकारावरून वेगळं करतात. इथे प्रत्येक पॅकेटाचा पत्ता, पोर्ट (ते कुठल्या प्रोग्रॅमसाठी आहे तो क्रमांक) बघावा लागतो, म्हणजे तांदूळ ‘निवडणं’. शिवाय निवडणे म्हणजे खडे काढून टाकणंही आणि हवं ते वेचून घेणंही. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधल्या ‘फिल्टर’ टेबलात पहिला अर्थ लागतो, आत घ्यायचं की टाकायचं. टीसीतला ‘फिल्टर’ मुळात वर्गवारी करतो, कुठलं पॅकेट कुठल्या रांगेत. टाकून देणं ही त्याला जोडलेली वेगळी कृती. दोन्हीकडे चालेल असा दुसरा शब्द मला तरी सुचलेला नाही.

कमांड लिहिताना अर्थात इंग्रजी नावंच लिहा, तिथे मराठी चालणार नाही.