पहिल्यांदाच रेड (अनेक डिस्क जोडून एकच साठा म्हणून वापरणं) लावताय?

दोनच डिस्क असतील तर सरळ रेड १ घ्या, त्यात दोन्हींवर तोच डेटा राहतो. रेड ० च्या नादी लागू नका, त्यात डेटा डिस्कमध्ये वाटला जातो, एक डिस्क गेली की सगळंच गेलं. ४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो) १२ टीबी जागा मिळते, रेड ६ मध्ये (दोन गेल्या तरी वाचतो) ८. मी तरी रेड ६ च घेईन. बिघडलेली डिस्क बदलल्यावर रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं, तासन्‌तास चालतं, उरलेल्या डिस्कवर ताण येतो तो नेमका तेव्हाच, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर रेड ५ मधला डेटा हाती लागत नाही. डिस्क सीएमआरच (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) बघा. प्रत्येकीचा सीरियल नंबर ती बसते त्या ट्रेवर चिकटवा. मी एकदा घाईत धडधाकट डिस्कच बाहेर ओढली होती. बॅकअप मात्र वेगळा हवाच: चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून एकदमच जाते.