पत्रात नेमके काय लिहिले आहे?

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या काही वर्षांत एकच काळजी निरनिराळ्या तोंडांनी ऐकू येते: परदेशी गेलेल्या मुलाने शिक्षण मध्येच सोडले आणि व्हिसावर गदा आली. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यांतले एक कुटुंब इथे मांडते.

वडील तासगावकडचे द्राक्षबागायतदार, मुलगा मेलबर्नला. "मॅडम, पोराचा व्हिसा गेला. बाग तारण आहे, ते एक बघता येईल, पण पावण्यांना काय सांगू?" दोन विषय राहिले, शुल्क थकले, कॉलेजने नावनोंदणी रद्द केली, तरीही घरी 'परीक्षा चालू आहे' असे सांगत मुलगा गोदामात काम करत राहिला होता. पहिली भेट पावण्यांतच संपली.

दुसऱ्या दिवशी मी व्हिसा खात्याकडून आलेले पत्र मागितले. त्यांनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला; ओळींच्या मध्ये भाचीने पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला होता. "यात 'व्हिसा रद्द केला' हे वाक्य कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवा," मी म्हणाले. फवारणीने नख काळवंडलेले ते बोट ओळीओळीने खाली सरकले, मागे गेले आणि 'का रद्द करू नये ते कळवा' यावर थांबले. "हे तर विचारत्यात," ते हळूच म्हणाले. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थच माणसाला आडवा करतो, हे मी वर्षानुवर्षे मानत आले आहे; त्या दिवशी मात्र ते मला सांगावे लागले नाही.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "अण्णा, माझं चुकलं..." "ते मागनं बोलू. शेवटची तारीख कुठली हाय?" पलीकडे मुलगा रडला. प्रत्येक फोनवर अण्णा बेदाण्याचा दर सांगत. ती त्यांची मायेची बोलणी होती, मुलाला मात्र त्यात कर्जाचा हप्ता ऐकू येई.

ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची ८२०२ क्रमांकाची अट नोंदणीकृत अभ्यासक्रमात नाव टिकवायला सांगते. ती मोडली तर तिथल्या स्थलांतर कायद्याच्या कलम ११६ खाली व्हिसा रद्द होऊ शकतो, पण त्याआधी नोटीस येते, आणि तिच्या मोजक्या दिवसांत दिलेल्या उत्तरातली परिस्थिती अधिकाऱ्याला विचारात घ्यावी लागते. म्हणून गप्प बसणे सर्वांत महाग पडते. एका नातेवाइकाने इस्पितळाचा खोटा दाखला सुचवला होता. मी स्पष्ट नाही म्हणाले, कारण खोटा कागद हे व्हिसा जाण्याचे आणखी एक कारण ठरते. कायद्याचे उत्तर तिथल्या नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराकडूनच लिहून घ्यावे. खरे तर बोलण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधीची असते: प्रगती कमी पडल्याचे सरकारला कळवण्यापूर्वी कॉलेजला विद्यार्थ्याला दाद मागण्यासाठी कामकाजाचे २० दिवस द्यावे लागतात, आणि गंभीर आजारपणासारख्या कारणासाठी शिक्षण काही काळ रीतसर थांबवताही येते. मुलगा त्या दिवसांत बोलेल की नाही, हे आपण फोनवर काय विचारतो यावर पुष्कळसे ठरते.

उत्तर मुदतीत गेले, दुसरीकडे प्रवेश मिळाला आणि व्हिसा राहिला. प्रत्येकाचा राहतोच असे नाही. पुढे काही महिने मी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मध्ये त्याचा पुन्हा एक विषय राहिला. मला ते कळले तेव्हा अण्णांना कळून दोन दिवस झाले होते.