ओठावर ताप फुटणाऱ्या माणसाचं ताट-पेला वेगळं ठेवलं की लागण टळते का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या ओठावर वरचेवर ताप फुटतो म्हणून त्यांची भांडी वेगळी केलीत, आणि फोड वाळला की ते तीन आठवड्यांच्या बाळाचे पापे घेतात. भांड्यांचं सोडा, पापे थांबवा.

हा हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू, प्रकार १. नागिणीचा वेगळा. तो मुख्यतः लाळेतून आणि त्वचेला त्वचा लागून पसरतो. त्याचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणाने फुटतं आणि विषाणू निकामी होतो. त्यामुळे घासलेलं ताट खुशाल सगळ्यांत मिसळा. उष्टा पेला, लिप बाम, वस्तरा मात्र एकमेकांचा वापरू नका.

'फोड नाही तर लागण नाही' म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय. फोड बरा झाला तरी विषाणू कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो. ताप, कडक ऊन, ताण, पाळी अशा निमित्ताने तो ओठाकडे परततो. कधी फोड येतो, कधी काहीच न दिसता तो लाळेतून बाहेर पडतो.

सर्वांत जास्त धोका ओठ चुरचुरू लागल्यापासून खपली गळून खाली नवी कातडी येईपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस. त्यातही फोडातून पाणी येतं तेव्हा जास्तच. खपली धरली म्हणजे संपलं नाही. तोवर चुंबन नको आणि मुखमैथुनही नको, त्यातून जननेंद्रियांवर हर्पीस होतो. मलम लावून झालं की हात साबणाने धुवायचे, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं आणि बुबुळावर जखम होऊन नजर अधू होऊ शकते. असिक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं मलम चुरचुर सुरू होताच, दिवसातून ५ वेळा. उशिरा लावलं तर फारसा फरक पडत नाही, आणि लावलं म्हणून पापे घ्यायला मोकळीक मिळत नाही.

पहिल्या महिन्यात हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो, जीवही जातो. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

एक राहिलं. तुम्हाला ही लागण पूर्वीच झालेली असेल तर तुमच्या प्रतिपिंडांचं थोडं संरक्षण बाळाला मिळालेलं असतं, तरी पापे बंदच. आणि नवऱ्याला एकट्याला वाळीत टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांत हा विषाणू आहे, बहुतेकांना पत्ताही नसतो. तुमच्यातही असेल.