पाचजणींचं 'एकल' आणि पळसावरची लाख

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका कॉलेजकन्येने विचारलं आहे: "ब्लॅकपिंकसारखा कोरियन गर्ल ग्रुप 'सिंगल' म्हणजे एकच गाणं काढतो, त्याला मराठीत 'एकल गीत' म्हणायचं का? आणि गर्ल ग्रुपला काय म्हणायचं?"

पहिल्याचं उत्तर, नाही.

हे 'एकल' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. परवा एका स्नेहसंमेलनात पाच मुली माईक घेऊन उभ्या राहिल्या. स्वतः रचलेलं, स्वतः रेकॉर्ड केलेलं गाणं. निवेदकाने गळा साफ करून जाहीर केलं, "आता या पाचजणी सादर करीत आहेत त्यांचं पहिलं एकल गीत!" माझ्या शेजारचे काका गाणं संपेपर्यंत वाट पाहत होते की यातल्या चौघी विंगेत कधी जातात. काकांचं काय चुकलं? एकल तबलावादन म्हणजे एकट्याचं वादन. एकल पालक म्हणजे एकटीने किंवा एकट्याने मूल वाढवणारा. मराठीत 'एकल' माणसं मोजतो. सिंगलमध्ये एक असतं ते गाणं. ब्लॅकपिंकमध्ये चौघी आहेत, स्पाइस गर्ल्सचं पहिलं सिंगल 1996 साली आलं तेव्हा त्या पाच होत्या, आपल्याकडची 'विवा' 2002 साली निघाली तीही पाचजणींची. यातलं एकटं कोण आहे? गाण्याला 'एकल' म्हणणं हिंदी बातम्यांतून जसंच्या तसं उचललेलं दिसतं.

'एकेरी' सुचवणारेही भेटतात. एकेरी टेनिसमध्ये असते. नाहीतर भांडणात माणूस एकेरीवर येतो. चार मुलींचं एकेरी गाणं म्हटलं तर मला वाटेल, त्या समोरच्याला अरे-तुरे करताहेत.

मराठीत या अर्थाला धड शब्द आहे: सुटं गाणं. सीताबर्डीच्या कुठल्याही पानठेल्यावर पाकीट परवडत नसेल तर माणूस सुटी सिगरेट मागतो. अल्बमच्या गठ्ठ्यातून वेगळं काढलेलं, किंवा गठ्ठा यायच्या आधीच सोडलेलं गाणं म्हणजे सुटं. 'सिंगल' म्हणालात तरी माझी हरकत नाही, फक्त ते नपुंसकलिंगी ठेवा, गाण्यासारखं. 'नवा सिंगल आला' ऐकलं की एखाद्या अविवाहिताची बातमी वाटते.

पण खरी गंमत इथे नाही. सुटं गाणं साधारण तीन मिनिटांचंच का, हे कुणी विचारत नाही. कारण ग्रामोफोनची दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाने फिरली की एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तबकडी म्हणजे छोटं तबक, तबक अरबीतून आलेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे चला. ती तबकडी कशाची असे? दगडाची भुकटी, काजळी आणि हे सगळं धरून ठेवणारी लाख! 1902 साली गौहर जान कोलकात्यात गायल्या, शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारलं, आणि ते गाणं ज्या तबकडीवर उमटलं तिचा चिकटपणा झाडाच्या फांदीवरून खरवडलेला होता. 1948 साली लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणि 1949 साली 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी आली ती व्हिनाइल या प्लास्टिकची. सिंगल हे नाव याच छोटीला चिकटलं, पण लांबीचा साचा लाखेचाच राहिला. आज मोबाइलवर वाजणारं गाणंही त्याच मापाचं येतं.

ही लाख आपल्या दाराशी आहे. होळीच्या सुमारास नागपूरहून भंडारा-गोंदियाकडे निघा, दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. पळसावर आणि बोरीवर होते ती रंगीनी लाख, कुसुमाच्या झाडावरची कुसुमी. ती वितळवून पातळ पत्र्यासारखी ओढली की चपडा. फर्निचरला पॉलिश करणारे अजून तो नावाने मागतात. इंग्रजी 'शेलॅक' मधला 'लॅक' म्हणजे आपलीच लाख. पत्रावर लाख लावून मोहर उठवली की तो लाखोटा. दुर्योधनाने पांडवांसाठी बांधलं ते लाक्षागृह. म्हणजे एकाच पदार्थाने घर जाळलं, गुपित राखलं आणि गाणं धरून ठेवलं.

आता लाखेचं संस्कृत नाव 'लाक्षा' आलं कुठून? "लाखो किडे असतात म्हणून लाख" असं सांगणारे प्रत्येक लग्नात एक तरी भेटतात. चूक. संख्यावाचक 'लक्ष' आणि 'लाक्षा' हे वेगळे शब्द, झिजता झिजता मराठीत येऊन एकसारखे दिसू लागले, इतकंच. त्याहून मोठी करामत जर्मन पंडित पॉल थीमे यांची. त्यांच्या मते लाक्षेचं मूळ सॅमन माशाच्या जुन्या नावात आहे, जर्मनमध्ये ज्याला आजही 'लाक्स' म्हणतात. माशाचं मांस लालसर, म्हणून लाख. माशांचे थवे अगणित, म्हणून लक्ष! विद्वत्तेबद्दल आदर आहे, पण पळसाच्या फांदीवरचा लाल थर ओळखायला आमच्या पूर्वजांना उत्तरेकडच्या नदीत गळ टाकून बसायची काय गरज होती? अमरकोश उघडा. लाक्षेच्या शेजारीच 'राक्षा' बसली आहे. त्याच ओळीत अलक्त, म्हणजे पायाला लावायचा अळता. र आणि ल संस्कृतात सर्रास जागा बदलतात. रक्त-अलक्त आणि राक्षा-लाक्षा या जोड्या एकमेकींसमोर ठेवा. माझं मत ठाम आहे: लाख म्हणजे रंगवणारी, लाल करणारी. कोशकार अमरसिंहाने तिला 'द्रुमामय' असंही नाव दिलं आहे, म्हणजे झाडाचा आजार. काय माणूस असेल! अथर्ववेदात मात्र हीच लाक्षा जखम भरणारं औषध आहे.

आणि ही लाख बनवतं कोण? लाखेचे किडे, पण त्यातले नर जवळपास बिनकामाचे. फांदीवर खेटून बसलेल्या माद्या रस पाझरतात, तो सुकून लाख होते. गर्ल ग्रुप!

हो, ते राहिलंच. 'ताफा' म्हणू नका. तो अरबी 'ताइफा' मधून आला, एकेकाळी कलावंतिणींचा असायचा, आता मंत्र्यांच्या गाड्यांचा असतो. 'बालिका समूह' म्हटलं तर लसीकरणाची रांग डोळ्यांसमोर येते. मुलींचा ग्रुप म्हणा, सगळ्यांना कळतं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी जाणाऱ्या पोरींना आमच्या आईने कधी वेगळं नाव दिलं नाही. "पोरी आल्या, खिरापत काढ," एवढंच म्हणायची.